२१ वर्षांचे पाय, ३७ वर्षांचे डोळे

वयाने मोठ्या खेळाडूने तरुण विजेत्याला हरवलं की दुसऱ्या दिवशीचा मथळा ठरलेला असतो: ‘अनुभवाची सरशी’. मथळा खोटा नसतो, पण त्यातून कळत काहीच नाही. अनुभवाने सर्व्हिसचा वेग वाढत नाही. अनुभवाने गुडघ्यातली झिजलेली गादी भरून येत नाही. मग अनुभवाने होतं तरी काय? माझ्या घरात टेनिस फारसं कुणी बघत नाही, पण ४ ऑगस्ट २०२४ च्या संध्याकाळी सगळे टीव्हीसमोर बसले होते आणि सामना संपल्यावर हाच प्रश्न आला. घाईघाईत दिलेल्या उत्तराने त्यांचं समाधान झालं नाही आणि माझंही झालं नाही. म्हणून जरा सविस्तर.

सामना होता पॅरिस ऑलिम्पिकच्या पुरुष एकेरीचा, सुवर्णपदकाचा. एका बाजूला स्पेनचा कार्लोस अल्काराझ, वय २१. जूनमध्ये याच कोर्टावर, याच लाल मातीवर त्याने फ्रेंच ओपन जिंकली होती. जुलैमध्ये विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात त्याने समोरच्याच माणसाला ६-२, ६-२, ७-६ असं सरळ तीन सेटमध्ये गुंडाळलं होतं. दुसऱ्या बाजूला सर्बियाचा नोव्हाक जोकोविच, वय ३७. ५ जूनला त्याच्या उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली होती. म्हणजे या सामन्याच्या बरोबर ६० दिवस आधी. गुडघ्यावर पट्टा चढवून तो उतरला होता.

२ तास ५० मिनिटांनी निकाल लागला: जोकोविच ७-६, ७-६. २००८ मध्ये बीजिंगला कांस्य मिळाल्यापासून जे पदक त्याला हुलकावणी देत होतं ते शेवटी हातात आलं. १९८८ मध्ये टेनिस ऑलिम्पिकमध्ये परतल्यापासून एकेरीत सुवर्ण जिंकणारा तो सर्वांत वयस्कर खेळाडू ठरला. मातीवर गुडघे टेकून तो रडत होता, हात थरथरत होते. थोड्या वेळाने मुलाखत देताना अल्काराझही रडला.

आधी टेनिसचं गणित

टेनिस समजायला विधानसभेची निवडणूक आठवावी. राज्यभर एकूण मतं कुणाला जास्त पडली यावर सरकार बनत नाही, जागा किती आल्या यावर बनतं. एका जागी लाखाच्या फरकाने निवडून आलात काय आणि दुसऱ्या जागी दोनशे मतांनी आलात काय, जागा एकच मोजली जाते.

टेनिसमध्ये मतं म्हणजे गुण. किमान चार गुण आणि दोनचा फरक मिळाला की एक गेम. सहा गेम आणि पुन्हा दोनचा फरक, की एक सेट. प्रत्येक गेममध्ये एकच जण सर्व्हिस करतो, म्हणजे प्रत्येक गुणाचा पहिला फटका मारतो, आणि ज्याची सर्व्हिस त्याने तो गेम जिंकावा अशी अपेक्षा असते. समोरच्याने तो हिसकावला तर त्याला ब्रेक म्हणतात. तो हिसकावायला एकच गुण कमी असेल, तर तो ब्रेक पॉइंट. दोघेही ६-६ वर अडले तर टायब्रेक, म्हणजे सात गुणांची छोटी झटापट, त्यातही दोनचा फरक हवाच. एवढं माहीत असलं की पुढचं सगळं कळतं.

या पद्धतीचा परिणाम चमत्कारिक आहे. जून २०२४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात रॉजर फेडररने एक आकडा सांगितला होता. कारकिर्दीतल्या १५२६ एकेरी सामन्यांपैकी जवळपास ८० टक्के त्याने जिंकले. पण गुण? फक्त ५४ टक्के. जगातल्या थोर खेळाडूंपैकी एक, आणि त्याने जवळजवळ निम्मे गुण गमावले.

त्याहून बोलका दाखला २०१९ च्या विम्बल्डन अंतिम सामन्याचा. फेडररचे एकूण गुण २१८, जोकोविचचे २०४. चौदा गुण जास्त मिळवून फेडरर हरला, कारण सामन्यातले तिन्ही टायब्रेक जोकोविचने घेतले.

सगळे गुण फलकावर सारखेच दिसतात. त्यांची किंमत मात्र सारखी नसते. मला विचाराल तर टेनिसमधला अनुभव म्हणजे मुख्यतः ही किंमत ओळखता येणं, आणि त्या गुणाला हात न थरथरणं.

पावणेतीन तासांतले १९ गुण

पॅरिसला परत जाऊ. त्या सामन्यात एकदाही ब्रेक झाला नाही. अल्काराझला आठ ब्रेक पॉइंट मिळाले, जोकोविचला सहा. चौदाच्या चौदा वाया गेले. दोन्ही सेट ६-६ वर गेले आणि सामना दोन टायब्रेकवर येऊन ठेपला. पहिला ७-३, दुसरा ७-२. बेरीज करा: १९ गुण, त्यातले १४ जोकोविचचे, ५ अल्काराझचे. बाकीच्या संपूर्ण सामन्यात तसूभर फरक नव्हता, आणि या १९ गुणांत एवढा.

हा योगायोग वाटत असेल तर वर्षभर आधीची, २०२३ ची फ्रेंच ओपन बघा. जोकोविचने तिथे सहा टायब्रेक खेळले, सहाही जिंकले, आणि त्या सहांत मिळून स्वतःहून केलेली चूक एकही नाही. स्वतःहून केलेली चूक म्हणजे समोरच्याने फारसं भाग पाडलेलं नसताना चेंडू जाळीत किंवा बाहेर मारणं. सहा टायब्रेकमध्ये शून्य! हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक असेल असं वाटलं होतं.

तो तिथे वेगळं काय करतो? बघणाऱ्याला वाटतं की मोक्याच्या क्षणी मोठा खेळाडू अफाट फटके मारतो. जोकोविच बहुतेकदा उलटं करतो. रेषेला चिकटून मारायच्या फटक्याऐवजी रेषेपासून हातभर आतला फटका निवडतो, पण तो खोल, समोरच्याच्या पायाशी पडेल असा. पहिली सर्व्हिस आत पडेल याची काळजी घेतो. आता चूक तू कर, असं न बोलता सांगतो. बोर्डाच्या परीक्षेला अनेकदा मुलं बसवलेला शिक्षक कोणता प्रश्न किती मार्कांचा ते बघून वेळ वाटून घ्यायला शिकवतो ना, तसं हे आहे. हुशार मुलगा पहिल्या दोन मार्कांच्या प्रश्नालाही तीन पानं लिहितो.

अल्काराझ हा तो हुशार मुलगा. त्याच्याकडे जेवढे फटके आहेत तेवढे त्याच्या वयात क्वचितच कुणाकडे असतील. हातोड्यासारखा फोरहँड, जाळीलगत अलगद टाकलेला ड्रॉप शॉट, पुढे धावून, टप्पा पडण्याआधीच मारलेली व्हॉली. पण पर्याय जास्त असले की निवडायलाही वेळ लागतो, आणि टायब्रेकमध्ये तेवढी उसंत नसते. पुढे-मागे त्याला हे जमणारच होतं. त्या दिवशी जमलं नाही.

त्याच रविवारी दुपारी आपल्या लक्ष्य सेनचा बॅडमिंटनचा उपांत्य सामना ज्यांनी पाहिला, त्यांना हे वेगळं सांगायला नको. लक्ष्य २२ वर्षांचा, समोर ३० वर्षांचा गतविजेता व्हिक्टर अ‍ॅक्सेलसेन. पहिल्या गेममध्ये लक्ष्य २०-१७ असा पुढे होता. एक गुण हवा होता, तीन संधी होत्या. गेम गेला २०-२२. दुसऱ्या गेममध्ये ७-० अशी आघाडी, आणि तोही गेला १४-२१. खेळात लक्ष्य कुठेही कमी नव्हता. अ‍ॅक्सेलसेनने स्वतःच नंतर त्याची तोंड भरून स्तुती केली. कमी पडले ते मोजके चार-पाच गुण.

पाय मंदावले तर वेळ कुठून आणायचा?

इथे लोक एक रास्त शंका काढतात. डोकं कितीही शांत असलं तरी चेंडूपर्यंत पोहोचायला तर हवं ना? पंचविशी-तिशीनंतर शरीरात जे बदल होतात त्यात स्नायूंमधले झटक्यात काम करणारे तंतू आधी कमी होऊ लागतात. मॅरेथॉनपटू चाळिशीतही बरा धावतो, पण शंभर मीटरवाल्याची धार लवकर जाते ती यामुळेच. टेनिस तर सगळं झटक्यांचं.

कोर्टाची लांबी २३.७७ मीटर. ताशी २०० किलोमीटरची सर्व्हिस पलीकडच्या खेळाडूपर्यंत येते ती अर्ध्या सेकंदाच्या थोडं पुढेमागे. डोळ्यांनी बघून शरीर नुसतं हलायलाच त्यातला एक पंचमांश सेकंद खर्च होतो. राहिलेल्या वेळात दिशा ओळखायची, पाय टाकायचा, रॅकेट मागे न्यायची. चेंडू सुटल्यावर विचार सुरू करणाऱ्याला हे जमणं कठीणच. मग तो २१ वर्षांचा का असेना.

म्हणून चांगला खेळाडू चेंडू बघायच्या आधी माणूस बघतो. शास्त्रज्ञांनी याचे साधे प्रयोग केले आहेत. सर्व्हिसचं चित्रीकरण दाखवायचं आणि रॅकेट चेंडूला लागण्याच्या क्षणाआधीच पडदा काळा करायचा. चेंडू कुठे जाणार, ते सांगा. नवखे अंदाजपंचे ठोकतात, कसलेले खेळाडू बऱ्याच वेळा बरोबर सांगतात. त्यांनी चेंडू पाहिलेलाच नसतो. पाहिलेला असतो खांदा, कंबर, चेंडू वर फेकण्याची जागा, मनगटाचा कोन.

दादर स्टेशनवरचा रोजचा प्रवासी आठवा. गाडी येते तेव्हा नवीन माणूस धावत सुटतो. रोजचा माणूस धावत नाही, कारण दार नेमकं कुठे येणार हे त्याला ठाऊक असतं आणि तो तिथेच उभा असतो. दोघांत वेगवान कोण, हा प्रश्नच उरत नाही.

आमच्या भागातल्या जिमखान्यावर सत्तरीला आलेले एक काका खेळायला येतात. दोन्ही गुडघ्यांना नी-कॅप, डोक्यावर धुऊन धुऊन पिवळी पडलेली टोपी. कॉलेजची मुलं त्यांच्याशी एकेरी खेळतात आणि दमून बाहेर येतात. काका धावताना मी फारसे पाहिलेले नाहीत. मुलगा मारायच्या बेतात असतो तेव्हाच ते दोन पावलं सरकलेले असतात, आणि परत येतो तो खाली बसणारा, न उसळणारा स्लाइस, ज्यासाठी पोराला गुडघ्यात वाकावं लागतं. एकदा एकाने न राहवून विचारलंच, “काका, तुम्हाला आधीच कसं कळतं?” काका टोपी काढून घाम पुसत म्हणाले, “अरे, तुझा खांदा सांगतो ना. आडवा मारायचा असला की तू खांदा आधीच वळवतोस.” मुलाला स्वतःच्या खांद्याची ती गोष्ट माहीतच नव्हती.

जोकोविच आणि काका यांची बरोबरी नाही, पण व्यवहार तोच आहे. वयाने पायांतला वेग घेतला, डोळ्यांनी वेळ परत आणला. सर्व्हिस परतवण्यात जोकोविचला जगात तोड नाही असं जे म्हटलं जातं, ते याच जोरावर.

तरुण शरीराला पेटके का यावेत?

२०२३ च्या फ्रेंच ओपनचा उपांत्य सामना. अल्काराझ २० वर्षांचा आणि तेव्हा जगात पहिल्या क्रमांकावर, जोकोविच ३६ वर्षांचा. दोन सेटनंतर १-१ अशी बरोबरी आणि सामना असा रंगलेला की प्रेक्षक बसायला तयार नव्हते. तिसऱ्या सेटच्या सुरुवातीला अल्काराझ अचानक थबकला. पायात पेटके. उपचार घेता यावेत म्हणून एक गेम सोडून द्यावा लागला. त्यानंतरचे दोन्ही सेट ६-१, ६-१ असे जोकोविचने नेले.

वयाचा हिशेब लावला तर पेटके ३६ वर्षांच्या माणसाला यायला हवे होते. अल्काराझने नंतर प्रांजळपणे सांगितलं की तो मनावरच्या ताणाचा परिणाम होता. नव्याने गाडी शिकणारा माणूस आठवला की हे चटकन कळतं. स्टीअरिंग एवढं आवळून धरतो की दहा किलोमीटरमध्ये खांदे भरून येतात. मुरलेला चालक त्याच रस्त्याने कोल्हापूरपर्यंत जातो आणि उतरून चहा पितो. रस्ता एक, गाडी एक. शक्ती वाया जाते ती आवळण्यात. ताण आला की नको असलेले स्नायूही आखडून राहतात, श्वास वरच्यावर होतो, आणि तासाभराची ताकद अर्ध्या तासात संपते.

मनोधैर्य हा शब्द ऐकला की काहीतरी हवेतली, न मोजता येणारी गोष्ट वाटते. इथे ती थेट पोटरीत उतरली होती.

‘तीनच सेटचा सामना होता, पाच असते तर?’

हा आक्षेप बिनतोड आहे आणि तो मी उडवून लावणार नाही. ऑलिम्पिकमध्ये तीन सेट असतात, म्हणजे दोन जिंकले की झालं. ग्रँड स्लॅममध्ये, म्हणजे वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांत, पुरुषांना पाचपैकी तीन जिंकावे लागतात. सामना जितका लांबेल तितकं पारडं तरुण पायांकडे झुकतं. पॅरिसला पाच सेट असते तर सुवर्ण कुणाचं, हे छातीठोकपणे कुणालाच सांगता येणार नाही.

पण जानेवारी २०२५ मध्ये मेलबर्नला, ऑस्ट्रेलियन ओपनच्या उपांत्यपूर्व फेरीत, हेच दोघे पाच सेटच्या सामन्यात भेटले. पहिल्याच सेटमध्ये जोकोविचच्या डाव्या मांडीचा स्नायू दुखावला. बाहेर जाऊन पट्टी बांधून आला, तो सेट ४-६ हरला, आणि पुढचे तिन्ही ६-४, ६-३, ६-४ असे जिंकला. साडेतीन तासांहून जास्त चाललेला सामना.

लंगडणाऱ्या माणसासमोर २१ वर्षांचा विजेता हरतोच कसा? जखमी प्रतिस्पर्ध्याशी खेळणं बाहेरून सोपं दिसतं. जोकोविचने रॅली, म्हणजे एका गुणातली चेंडूची देवाणघेवाण, लांबवायचं सोडून दिलं, लवकर फटके मारू लागला, कारण त्याच्याकडे दुसरा मार्गच नव्हता. अल्काराझकडे मात्र दोन मार्ग होते: आपला नेहमीचा खेळ चालू ठेवायचा, की समोरच्याला पळवून पळवून थकवायचं. या दोहोंत तो अडकला. सामना हातात असताना आपण त्याला परत येऊ दिलं, हे त्याने नंतर मान्यही केलं.

‘वयानेच जिंकता येत असतं तर फेडरर हरलाच नसता’

खरं आहे. २०१९ च्या त्या विम्बल्डनला फेडरर ३८ च्या उंबरठ्यावर होता, जोकोविच ३२ चा. एक गुण मिळाला की सामना, अशा दोन संधी फेडररला होत्या, दोन्ही गेल्या. अनुभव ही विमा पॉलिसी नाही. तो वयावर मोजायची गोष्टही नाही. अटीतटीचे गुण किती खेळलात आणि त्यातून काय शिकलात, यावर तो साठत जातो, आणि काही जण फार भराभर शिकतात.

अल्काराझ त्यांतला एक. पेटक्यांच्या त्या सामन्यानंतर पाचेक आठवड्यांनी त्याने विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात जोकोविचला पाच सेटमध्ये हरवलं, आणि तेही दुसऱ्या सेटचा टायब्रेक हिसकावून. जून २०२५ मध्ये फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात यानिक सिनरविरुद्ध तो पहिले दोन्ही सेट हरला होता. एक गुण मिळाला की विजेतेपद, अशा तीन संधी सिनरला होत्या. तिन्ही अल्काराझने परतवल्या, ५ तास २९ मिनिटं खेळला, आणि शेवटच्या सेटचा, दहा गुणांचा टायब्रेक १०-२ ने जिंकला. वय वर्षे २२. पॅरिसचे ते १९ गुण त्याच्या कामी आले असतील असं मला मनापासून वाटतं.

एक सामना आणि पंधरवडा

वय नेमकं कुठे आडवं येतं, हे आपण सहसा चुकीच्या जागी शोधतो. चाळिशीकडे झुकलेला खेळाडू एखाद्या संध्याकाळी कुणालाही हरवू शकतो. प्रश्न असतो परवाचा. झिजलेलं, फाटलेलं भरून काढायला तरुण शरीराला एक रात्र पुरते, मोठ्या शरीराला दोन-तीन दिवस लागतात. ग्रँड स्लॅम जिंकायला दोन आठवड्यांत सात सामने खेळावे लागतात, दर दुसऱ्या दिवशी.

यावर तोडगे काढणारे आहेत. आपल्या रोहन बोपण्णाने २०२४ मध्ये वयाच्या ४३ व्या वर्षी मॅथ्यू एब्डनसोबत ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष दुहेरी जिंकली आणि दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचला. त्याच्या गुडघ्यांतली कूर्चा, म्हणजे हाडांमधली गादी, केव्हाच झिजून गेली आहे. आपण टिकलो याचं मोठं श्रेय तो अय्यंगार योगाला देतो, ज्याची परंपरा बी. के. एस. अय्यंगार यांनी पुण्यात उभी केली. अर्थात दुहेरीत निम्मं कोर्ट जोडीदार सांभाळतो. एकेरीत सांभाळायला कुणी नसतं.

जोकोविचचं २०२५ हे वर्ष म्हणजे या हिशेबाचं उघडं पान आहे. चारही ग्रँड स्लॅममध्ये तो उपांत्य फेरीपर्यंत गेला, म्हणजे प्रत्येक ठिकाणी पाच फेऱ्या पार केल्या. चारही ठिकाणी तिथेच थांबला. पॅरिस आणि विम्बल्डनला सिनरकडून हरला, न्यूयॉर्कच्या यूएस ओपनला अल्काराझकडून, तिन्ही सरळ सेटमध्ये.

आणि त्याआधी मेलबर्न. अल्काराझला हरवल्यावर तीन दिवसांनी, शुक्रवारी, तो अलेक्झांडर झ्वेरेवविरुद्ध उतरला. पहिला सेट टायब्रेकपर्यंत ओढला आणि गमावला. शेवटचा चेंडू जाळीत गेला तसा तो सरळ चालत पुढे आला आणि झ्वेरेवचा हात हातात घेतला. मांडीचा तो स्नायू पुढे खेळू देत नव्हता. तिकीट काढून आलेल्या काही प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. जोकोविचने त्यांच्याकडे बघून दोन्ही अंगठे वर केले आणि बोगद्यातून आत निघून गेला. कोर्टवर मुलाखतीला थांबलेल्या झ्वेरेवने आधी प्रेक्षकांनाच विनंती केली की, दुखापतीमुळे बाहेर जाणाऱ्या खेळाडूची कृपा करून अशी हुर्यो उडवू नका.